एम.एस्सी. नर्सिंग: आधी खुर्ची ठरवा, मग कॉलेज

प्रवेशाचे दिवस जवळ आले की घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या घरी संध्याकाळी मुली येऊ लागतात. कोणी आयसीयूत असते, कोणी लेबर रूममध्ये, कोणी मुलुंडच्या खासगी हॉस्पिटलातली ड्युटी संपवून तशीच आलेली. प्रश्न सगळ्यांचा एकच: "मॅडम, पुढे सुपरवायझर, मेट्रन व्हायचं तर एम.एस्सी. करावीच लागेल ना?"

करा, असंच मी सांगते. पण पदवी मिळाली की खुर्ची आपोआप मिळते, हा समज मनातून काढून टाका. मला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

बी.एस्सी. नर्सिंगनंतर मी पूर्व उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. तिथल्या नर्सिंग प्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एम.एस्सी. करून ये, सुपरवायझरची जागा तुझीच." एम.एस्सी. दोन वर्षांची आणि पूर्णवेळ असते. नोकरी सांभाळून ती होत नाही, म्हणून राजीनामा दिला आणि बँकेचं कर्ज काढलं. परतले तेव्हा त्या मॅडम सोडून गेल्या होत्या आणि व्यवस्थापनही बदललं होतं. एचआरने शांतपणे सांगितलं की त्यांच्या पॉलिसीत एम.एस्सी.साठी वेगळी ग्रेड नाही. जुनीच जागा, जुनाच पगार, वर नव्या मुलींना शिकवायचं काम. कर्जाचा हप्ता मात्र सुरू झाला होता. त्या मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या, हे मी आजही मानते. त्यांचा शब्द कागदावर नव्हता, एवढंच.

तेव्हापासून मी मुलींना पहिला प्रश्न उलटा विचारते: तुला नक्की कुठे बसायचंय? हॉस्पिटल आणि कॉलेज या दोन वेगळ्या वाटा आहेत. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण असते आणि तिथे सेवाज्येष्ठता व सेवाप्रवेश नियम बोलतात. खासगीत इनचार्ज, सुपरवायझर, मग चीफ नर्सिंग ऑफिसर. तिथे खाटेजवळ काढलेली वर्षं आणि माणसं सांभाळायची हातोटी आधी पाहतात, पदवी नंतर. कॉलेजात वर चढायचं तर मात्र एम.एस्सी. हाच दरवाजा आहे. प्राचार्यपदासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात एम.एस्सी. आणि १५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली १२ वर्षं शिकवण्याची. म्हणजे हॉस्पिटलात पंधरा वर्षं काढून मग थेट प्राचार्य होऊ म्हणाल, तर ते जमत नाही. वाट लवकर निवडावी लागते.

सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीत असाल तर राजीनाम्याचा विचारही करू नका. अभ्यास रजेचे नियम आस्थापना शाखेत जाऊन विचारा, आणि परतल्यावर किती वर्षं सेवा देण्याचा करार करावा लागतो तेही वाचून घ्या.

पात्रता साधी आहे: बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला ५५ टक्के, राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव. माझा सल्ला, एका वर्षावर थांबू नका. निदान तीन वर्षं वॉर्डात काढा. ज्या मुलीने रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म एकटीने ऐकलेला नाही, तिला क्रिटिकल केअरचं पुस्तक कळेल, पण तिच्या हाताखालच्या सिस्टर तिचं ऐकणार नाहीत. विषयही त्याच हिशेबाने घ्या. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या पाच शाखांतली जी तुमच्या वॉर्डाशी जुळते तीच घ्यावी. 'स्कोप कशाला आहे' म्हणून भलतीच शाखा घेतलेल्या मुली पुढे दोन्हीकडून अडकलेल्या मी पाहिल्यात.

घाटकोपरहून जाण्यासारखी चांगली ठिकाणं आहेत. भायखळ्याला जे.जे.च्या आवारातली इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, चर्चगेटला एसएनडीटीचं १९६४ साली सुरू झालेलं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे. चर्चगेटला जायचं म्हणजे सकाळच्या गर्दीत दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वे. त्यात क्लिनिकल पोस्टिंग तिसरीकडेच असू शकतं. घरी लहान मूल असेल तर हा हिशेब नवऱ्याशी, सासूबाईंशी आधीच बसून करा.

शनिवार-रविवारी किंवा घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग करून देतो म्हणणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. नर्सिंगची पदव्युत्तर पदवी पत्राने मिळत नाही. माझ्या एका मैत्रिणीने अशाच एका दलालाला बांगड्या मोडून पैसे दिले. परराज्यातली पदवी आली, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे ती अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायला गेली तेव्हा नोंद झाली नाही. नोंद नसलेल्या पदवीला इंटरव्ह्यूत कोणी विचारत नाही. कॉलेजला कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही चालू वर्षाची आहेत का ते स्वतः तपासा. २०२३ साली संसदेने नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन कायदा केला आहे, १९४७च्या जुन्या कायद्याची जागा तो घेणार आहे. त्यामुळे नियम बदलत राहतील. सीनियरने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

आता शिकायचं काय, याबद्दल. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस, संशोधन आणि संख्याशास्त्र असतं. दुसऱ्या वर्षाचा मॅनेजमेंटचा विषय मुली परीक्षेपुरता उरकतात. खरं पुढारीपण त्यातच आहे. एकच उदाहरण देते. आयसीयूत एका रुग्णामागे एक परिचारिका आणि वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण. म्हणजे १० खाटांच्या आयसीयूला पाळीमागे १०, तीन पाळ्यांना ३० आणि राखीव धरून ३९ सिस्टर हव्यात. "मॅडम, स्टाफ कमी पडतोय हो" असं म्हटलं की व्यवस्थापन मान डोलावतं. हा आकडा, त्यापुढे आपल्याकडचा आकडा आणि त्याच महिन्यात वाढलेले बेडसोर, असा एक कागद टेबलावर ठेवला की त्यांना उत्तर द्यावं लागतं. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात सुपरवायझर झाल्यावर मी हाच कागद ठेवला. मागितल्या तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत, काही मिळाल्या.

आणि पुढारीपण कशाला लागतं ते घाटकोपरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १३ मे २०२४ला, परिचारिका दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. १७ जीव गेले, सत्तरहून अधिक जखमी झाले आणि त्यातल्या अनेकांना राजावाडी रुग्णालयात आणलं गेलं. अशा वेळी कुठला वॉर्ड रिकामा करायचा, सुट्टीवरच्या कोणाला बोलवायचं, कोण ड्रेसिंगला आणि कोण नातेवाइकांपाशी उभं राहील, हे मिनिटांत ठरवणारी सिस्टर लागते. हॉस्पिटल लहान असो की मोठं, त्या सिस्टरची तयारी आधीच झालेली असायला हवी.

प्रबंधाचा विषय वॉर्डातूनच उचला. 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापनाचा परिणाम' अशा प्रबंधांनी ग्रंथालयं भरली आहेत. मी ड्युटी बदलतानाचं हँडओव्हर घेतलं. काउंटरवर उभं राहून "सहा नंबर ठीक आहे" म्हणणं वेगळं आणि खाटेजवळ जाऊन पंपाचा रेट वाचणं, कॅथेटर कोणत्या तारखेचा ते पाहणं, ड्रेनमधलं पाणी मोजणं, रुग्णाला कुशीवर वळवून पाठ बघणं वेगळं. पुढे सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूत मला पदवीबद्दल फारसं विचारलंच नाही. अर्धा तास या हँडओव्हरवर बोलणं झालं.

पगाराचंही स्पष्ट बोला, लाजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २००हून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी परिचारिकांइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. ती वाचून जा. कोणी बढतीचं आश्वासन दिलं तर पद, ग्रेड, पगार आणि रुजू होण्याची तारीख ईमेलवर मागा. देत नसतील तर ते आश्वासन नाही असं समजून आपला निर्णय घ्या. अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडल्याशिवाय जुनं हॉस्पिटल सोडू नका. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही हॉस्पिटलच्या कपाटात ठेवायला देऊ नका. ठेवली असतील तर प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता आजच लेखी अर्ज करून परत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.