जनुकांची अभिव्यक्ती व तिचा उपयोग

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुके तीच असतात. परंतु त्यांपैकी कोणती कार्यरत आहेत, यावर पेशीचे कार्य ठरते. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डारी शॅलन या संशोधक विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसमवेत काचपट्टीवर जनुकांचे सूक्ष्म ठिपके बसविण्याची पद्धत सिद्ध केली. १९९५ मध्ये तिच्या साहाय्याने ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या ४५ जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्यात आली. ठिपका जितका तेजस्वी, तितके ते जनुक अधिक कार्यरत.

याच तत्त्वावर २००२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगातील ७० जनुकांवरून रोग पसरण्याचा धोका अजमावला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लक्षणांवरून अधिक धोक्याच्या गणलेल्या सुमारे ४६ टक्के स्त्रियांना केमोथेरपीची आवश्यकता नसावी, असे दिसून आले.