संगणकाचा पडदा : आडवा आणि उभा



संगणकाच्या पडद्यावरील चित्र आडवेच असावयाचे, अशी आपली समजूत केवळ सवयीने झालेली आहे. वास्तविक पडदा ही एक पाटीच होय. पाटी आडवी धरता येते तशी उभीही धरता येते. भेद इतकाच की, पाटी फिरविली म्हणजे तिच्यावरील अक्षरे तिच्याबरोबर फिरतात. संगणकात मात्र पडद्याची चौकट हाताने फिरवावयाची असते आणि तिच्यातील चित्र आज्ञा देऊन फिरवावयाचे असते. ही दोन कामे निरनिराळी आहेत, हे ध्यानात न आल्यामुळे आपल्या शाळांतून दुहेरी हानी होते. चित्र चुकून फिरले तर यंत्र बिघडले असे समजून ते बाजूस पडते. आणि ते मुद्दाम फिरविण्यात जो लाभ आहे, तो कोणी घेत नाही.

पहिली हानी अधिक खेदाची. एका द्विशिक्षकी शाळेच्या भेटीत संगणक कापडाखाली झाकलेला आढळला. चौकशी करता, चित्र उलटे झाले असून दुरुस्तीसाठी माणूस यावयाचा आहे, असे सांगण्यात आले. पाच आठवडे मुले त्या यंत्रास मुकली होती, आणि यंत्रात बिघाड असा काहीच नव्हता. अनेक जुन्या संगणकांत कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ या तीन कळा एकदम दाबल्या असता चित्र बाणानुसार फिरते. मुलांची बोटे कळफलकावर कोठेही पडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अशा यंत्रात याच दोन कळांसह वर दाखविणारा बाण दाबला की चित्र पूर्ववत होते. नव्या यंत्रांत ही सोय बहुधा नसते. तेथे सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात डिस्प्ले असे जावे आणि ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’ या ठिकाणी ‘लँडस्केप’ म्हणजे आडवे, हा पर्याय निवडावा. ‘पोर्ट्रेट’ म्हणजे उभे. ‘फ्लिप्ड’ हा शब्द जोडलेले पर्याय त्याच स्थितींची खालची बाजू वर करतात. पर्याय निवडल्यावर बदल कायम करावा काय, असा प्रश्न यंत्र विचारते, आणि १५ सेकंदांत होकार न मिळाल्यास पूर्वीची स्थिती आपोआप आणते. म्हणून प्रयोग करण्यास भिण्याचे कारण नाही.

चित्र फिरलेले असताना माउस हाती धरणाऱ्याची मोठी त्रेधा उडते. उजवीकडे सरकवावा तर बाण भलतीकडेच जातो. कारण बाण चित्राची दिशा मानतो, चौकटीची नव्हे. यावर सोपा उपाय असा : चित्र जितके व जिकडे फिरले असेल, तितकाच व तिकडेच माउसही हातात फिरवून धरावा. चित्र पूर्ण उलटे असेल तर माउसची शेपटी आपल्याकडे येईल. मग हात नेहमीप्रमाणे चालतो.

आता लाभाचा विचार करू. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर वाचण्याची सोय झाली असून त्यांची पाने उभी आहेत. पडदा मात्र आडवा. पाठाच्या टाचणास, पत्रास व प्रश्नपत्रिकेस आपण जो ए-४ कागद वापरतो, तोही २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच, म्हणजे उभाच. साडेएकवीस इंची पडदा घेतल्यास तो सुमारे ४७.६ सेंटिमीटर रुंद व २६.८ सेंटिमीटर उंच भरतो. ए-४ आकाराचे संपूर्ण पान अशा आडव्या पडद्यावर आणले तर त्याची उंची २६.८ आणि रुंदी जेमतेम १९ सेंटिमीटर होते. म्हणजे ते मूळ कागदाहूनही लहान दिसते, आणि पडद्याचा सुमारे तीन-पंचमांश भाग रिकामा राहतो. तोच पडदा उभा केला की पानाची रुंदी २६.८ आणि उंची सुमारे ३७.९ सेंटिमीटर होते. पानाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले, आणि पडद्याचा सुमारे चार-पंचमांश भाग कामी आला. नवा पैसाही न वेचता अक्षर मोठे झाले. हे मोजमाप वरच्या वर्गातील मुलांकडून पट्टी घेऊन करवून घ्यावे. गुणोत्तराचा याहून जिवंत पाठ मला सुचत नाही.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा ६०६ ठिपके रुंद व ८०८ ठिपके उंच, म्हणजे कागदाच्या पानासारखा उभाच होता.

याचा अर्थ पडदा सदैव उभा ठेवावा असा नव्हे. चलच्चित्रे आडव्या पडद्यासाठी काढलेली असतात. हजेरीपटास एकतीस रकाने लागतात. तोही आडवाच शोभतो. महाराष्ट्राचा नकाशा आडवा घ्यावा, परंतु कोकणची चिंचोळी पट्टी शिकविताना उभा पडदा किती उपयोगी पडतो ते करून पाहावे. दीर्घ कविता, पाढे व शब्दांच्या याद्या यांनाही उभाच चांगला.

मात्र चौकट उभी करण्यापूर्वी तिची बैठक पाहावी. काही बैठकी फिरण्यासाठीच केलेल्या असतात, पुष्कळ नसतात. नसल्यास पुस्तकांच्या टेकूवर पडदा आडवातिडवा उभा करण्याचे साहस करू नये. तो घसरेल, किंवा हवेची छिद्रे बंद होतील. स्वस्त पडद्यांची आणखी एक खोड आहे. त्यांचे चित्र वरून-खालून पाहता फिके दिसते. पडदा उभा केला की तीच खोड बाजूंना येते. यास्तव उभा पडदा मुलांच्या समोर ठेवावा आणि कडेच्या मुलांना मध्ये घ्यावे.

टॅबमध्ये चित्र आपोआप फिरते, कारण त्यातील एक सूक्ष्म घटक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. टॅब सतरंजीवर सपाट ठेवून भोवती मुले बसविली की गुरुत्वाकर्षणाची दिशा पडद्यास काटकोनात येते, आणि कोणती कड खाली हे त्या घटकास ठरविता येत नाही. मग जरा धक्का लागला तरी चित्र गर्रकन वळते व मुलांचे वाचन तुटते. अशा वेळी आपोआप फिरण्याची सोय आधी बंद करावी.

प्रोजेक्टर छतास उलटा टांगलेला असल्यास चित्र सरळ करण्याचा पर्याय प्रोजेक्टरच्याच यादीत, बहुधा ‘सीलिंग’ या नावाने असतो. ‘रिअर’ हा पर्याय पडद्यामागून प्रकाश टाकण्यासाठी असून त्याने अक्षरे आरशातल्यासारखी होतात. उलटे चित्र आणि आरशातील चित्र यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पातळ कागदावर ‘कमळ’ असा शब्द ठळक लिहून मुलांच्या हाती द्यावा. तो उलटा धरून पुन्हा फिरविला की वाचता येतो. मग कागदाची मागची बाजू उजेडाकडून पाहावयास लावावी, आणि कितीही फिरविला तरी तो शब्द सरळ का होत नाही, हे मुलांनाच विचारावे.