हवेच्या पिशवीऐवजी कॉइल स्प्रिंग बसवताना

जुनी फोर-व्हील गाडी मागून बसली की दोष बहुधा हवेच्या पिशवीचा असतो. १९९८ साली आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या काही गाड्यांत मागे अशा रबरी पिशव्या होत्या. रबर चिरते, हवा गळते, कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. मग गिऱ्हाईक कॉइल स्प्रिंग मागते.

कारागीर बांधवांना आम्ही सुचवतो की, गाडी घोडीवर टेकवावी, नुसत्या जॅकवर विसंबू नये. आधी हवा पूर्ण सोडावी, मगच पिशवी काढावी. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकाच जोडीतल्या असाव्यात. कॉम्प्रेसरची जोडणी बंद करावी, शेवटी हेडलाइटचा झोत तपासावा.

आपल्या जालन्यात सळईचे कारखाने आहेत, म्हणून कोणी सळई वळवून स्प्रिंग करू नये. बांधकामाची सळई वाकली की वाकलेलीच राहते. स्प्रिंगचे पोलाद वेगळे आणि पाणी दिलेले असते.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. हवेची पिशवी ओझ्यातही गाडी समपातळीत ठेवत असे; स्प्रिंगवर ती भरल्यावर थोडी दबेल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची फेरफारांवर बंधने आहेत, म्हणून परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. न सांगता केलेल्या कामाचा बोल शेवटी मिस्त्रीलाच लागतो.