तबकडीवरील अक्षरे

1 फेब्रुवारी 2003 रोजी सकाळी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अवकाशयान पृथ्वीकडे परतत होते. सोळा दिवसांचा प्रवास संपत आला होता. भूमीला टेकण्यास अवघी सोळा मिनिटे उरली होती. तोच टेक्सास राज्याच्या आकाशात ते भंगले. हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाचे तुकडे दूरदूरच्या रानांत, शेतांत व तळ्यांत विखुरले. हजारो माणसे रांगा करून कित्येक आठवडे ते वेचीत होती.

सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तळ्यात धातूचा एक काळवंडलेला ठोकळा हाती लागला. ती संगणकाची हार्ड डिस्क होती. यानातील एका प्रयोगाची टिपणवहीच म्हणा ना! तो प्रयोग झेनॉन नावाच्या वायूवरील होता. सुमारे 17 अंश सेल्सिअस तापमानात, विशिष्ट दाबाखाली, झेनॉन धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. त्या अवस्थेत तो ढवळला तर त्याचा दाटपणा कमी होतो काय, हे शास्त्रज्ञांना पाहावयाचे होते. पृथ्वीवर हे नीट साधत नाही. कारण त्या वेळी झेनॉन आपल्याच भाराने दबतो, तळाशी दाट व वर विरळ होतो. म्हणून तो अवकाशात न्यावा लागला. काही मापे उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पोहोचली होती. उरलेली सारी त्या ठोकळ्यात होती.

आणि ठोकळ्याची दशा काय वर्णावी! त्याच्या खालच्या अंगाची सर्किटची पाटी ओळखू येऊ नये इतकी जळाली होती. तिच्यावरील चिप गळून पडल्या होत्या. आतील प्लॅस्टिक वितळले होते.

हार्ड डिस्क बंद पडली की तिच्यातील मजकूर गेला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. पेटीच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो आणि सारी अक्षरे, चित्रे व आकडे त्या लेपात सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपाने उमटलेले असतात. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्यावरून एक चिमुकले वाचकशीर्ष फिरते; पण ते तिला स्पर्श मात्र करीत नाही. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते. धुळीचा एक कणही तेथे पर्वतासारखा! म्हणूनच कुतूहलापोटी घरी ही पेटी उघडणारा, जे वाचवावयाचे तेच गमावून बसतो.

बाहेरची हिरवी पाटी मजकूर साठवीत नाही. तबकडी फिरविणे, शीर्षाला हलविणे, वाचलेल्या खुणा संगणकाकडे पोहोचविणे ही तिची कामे. विजेचा दाब एकाएकी वाढला किंवा घाईत भलताच वीजपुरवठा जोडला गेला, तर ती जळते. पुष्कळदा पाटीवर एक लहानसा रक्षक डायोड बसविलेला असतो. तो वाढलेला दाब स्वतःवर घेतो व निकामी होऊन पुढच्या भागांना वाचवितो.

पाटीच जळाली असेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची पाटी काढून का बसवू नये? जुन्या काळच्या डिस्कमध्ये एवढ्यानेही अनेकदा काम होई. पुढे तबकडीवरच्या रेषा इतक्या दाट झाल्या की प्रत्येक डिस्कच्या बारीकसारीक लकबी कारखान्यातच मोजून पाटीवरील एका इवल्याशा चिपमध्ये नोंदवाव्या लागल्या. दोन डिस्क दिसावयास जुळ्या असल्या, तरी एकीची नोंद दुसरीला लागू पडत नाही. त्यामुळे कुशल कारागीर जळक्या पाटीवरची ती चिप हलक्या हाताने सोडवितो व नव्या पाटीवर डाख देऊन बसवितो. चिप शाबूत असेल आणि आतील भाग धड असतील, तर मुकी झालेली डिस्क पुन्हा बोलू लागते. चिप फेकून दिली असेल, तर मात्र काम फार अवघड होऊन बसते. तेव्हा जळकी पाटी कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये.

कोलंबियाच्या डिस्कबाबत हा मार्गही खुंटला होता. केवळ पाटी बदलून भागणार नव्हते. सारी पेटीच निकामी झाली होती. अमेरिकेतील मिनीआपोलिस येथील ‘क्रोल ऑनट्रॅक’ या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या बाहेर काढल्या. झाकणाची सील वितळून आत माती शिरली होती व तबकड्यांवर काही जागी खळगे पडले होते. पण येथे दैवाने थोडी साथ दिली. डिस्क निम्मीच भरलेली होती. शिवाय प्रयोगाचा संगणक ‘डॉस’ या जुन्या प्रणालीवर चालत असे. ती प्रणाली मजकूर इतस्ततः न विखुरता सलग लिहीत जाते. खळगे पडले होते ते नेमके कोऱ्या भागावर.

तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ केल्या, दुसऱ्या धडधाकट पेटीत बसविल्या आणि वाचन सुरू केले. दोन दिवसांत सुमारे 99 टक्के मजकूर हाती आला. त्याच यानातील आणखी दोन डिस्क त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांतून मात्र काहीच निघाले नाही.

परत मिळालेल्या आकड्यांची छाननी होऊन 2008 साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात तो प्रयोग प्रसिद्ध झाला. टोमॅटोचा घट्ट सॉस बाटली जोराने हलविताच पातळ होऊन वाहू लागतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. सुट्या अणूंचा बनलेला साधा झेनॉनही त्या विशिष्ट अवस्थेत ढवळला असता तसाच पातळ होतो, असे त्या आकड्यांवरून दिसून आले.