शिवारातील मोबाईल : रेंज कशी ओळखावी व कामे कशी साधावी

खरिपाची पिके डोलू लागली म्हणजे गावोगावी ई-पीक पाहणीची लगबग सुरू होते. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि पिकाची नोंद स्वतःच करावी, ही पद्धत महाराष्ट्रात २०२१ च्या खरिपापासून राज्यभर सुरू झाली. ही नोंद सातबाऱ्याच्या उताऱ्यावर येते आणि पुढे अनेक सरकारी कामांत तिचा आधार घेतला जातो. म्हणून ती वेळेवर होणे महत्त्वाचे असते.

समजा, डोंगरपायथ्याच्या गावातील एक शेतकरी मुदतीच्या अखेरच्या दिवशी शेतात गेला. फोनवर रेंजच्या तीन काड्या दिसत आहेत. बाजारभाव वाचता येतात, मुलाने पाठविलेले चित्रही उघडते. परंतु पिकाचे छायाचित्र मात्र काही केल्या पुढे जात नाही. शेतकरी म्हणतो, फोन बिघडला. शेजारी म्हणतो, कंपनीच वाईट. तिसरा अ‍ॅपला दोष देतो. तिघांपैकी प्रत्येकाचे म्हणणे कोणत्या ना कोणत्या प्रसंगी खरे ठरते. पण आजचा प्रसंग कोणता, हे ओळखता आले नाही तर उपाय चुकतो. रोग न ओळखता औषध फवारणाऱ्याचे जसे पैसे जातात आणि पीकही जाते, तसेच हे आहे. यास्तव मोबाईलची सेवा कोठे व कशामुळे अडते, याची ओळख शेतकरी बंधुभगिनींनी व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

टॉवर व लहरी

मोबाईल आणि टॉवर यांच्यामध्ये तार नसते. त्यांचे बोलणे रेडिओ-लहरींवर चालते. या लहरी निरनिराळ्या पट्ट्यांत विभागलेल्या आहेत. ७००, ८०० व ९०० मेगाहर्ट्‌झच्या खालच्या पट्ट्यांतील लहरी दूरवर जातात आणि टेकडीच्या कडेवरून थोड्याफार वळून पलीकडेही उतरतात. १८००, २१०० व २३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी जास्त माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो. भारतात ५जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. तिच्यासाठी वापरला जाणारा सुमारे ३५०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान आहे खरा, परंतु त्याचा पल्ला याहूनही आखूड असतो.

सह्याद्रीच्या खोऱ्यांत एका वळणापर्यंत भरपूर रेंज असते आणि वळण ओलांडताच ती नाहीशी होते, याचे कारण हेच होय. डोंगराची सावली उन्हाला पडते, तशी ती लहरींनाही पडते. पत्र्याचे छप्पर व पत्र्याच्या भिंती लहरींना अडवितात. म्हणून पंपाच्या पत्र्याच्या खोलीत फोन मुका होतो. पानांतील पाणी लहरी शोषून घेते. उसाचा फड पुरुषभर वाढला म्हणजे त्याच्या आत रेंज घटते आणि पाने ओली असताना अधिकच घटते. बांधावर येऊन उभे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

काड्या पाहू नयेत, आकडा पाहावा

फोनवर दिसणाऱ्या काड्यांचे एकच एक प्रमाण नाही. कोणत्या बळाला किती काड्या दाखवावयाच्या हे फोन बनविणारा ठरवितो. म्हणून एकाच बांधावर एका फोनला तीन आणि दुसऱ्याला दोन काड्या दिसू शकतात. खरे माप डीबीएम या एककात असते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या सदराखाली सिमच्या स्थितीत हा आकडा सापडतो. तो उणे असतो. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा असल्यास रेंज समाधानकारक समजावी. उणे १०० ते ११० असल्यास ती बेताची आणि उणे ११५ च्या पलीकडे गेल्यास फारच क्षीण समजावी.

या मापात १० ची घट म्हणजे बळ एक-दशांश होणे, आणि २० ची घट म्हणजे एक-शतांश होणे. उणे ९० आणि उणे ११० यांत आकड्याचा फरक थोडा वाटला, तरी दुसऱ्या जागी पोहोचणारे बळ पहिल्याच्या शंभराव्या हिश्शाइतकेच असते.

ऐकू येते, पण हाक पोहोचत नाही

आता वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे कोडे उलगडेल. टॉवर दशकांनी वॅट शक्तीने बोलतो. त्याच्या उलट ४जी फोनची बोलण्याची शक्ती साधारणतः जास्तीत जास्त एक-पंचमांश वॅट असते. डोंगरावरून कर्णा लावून बोलणाऱ्याचे शब्द खालच्या माणसास ऐकू येतात. पण खालच्याने दिलेली हाक वर पोहोचेलच असे नाही. टॉवरकडून येणारी माहिती मिळत राहते, काड्याही दिसतात, मात्र फोनने पाठविलेले वाटेतच विरते. शेतकऱ्याची पुष्कळशी कामे पाठविण्याचीच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदाचे महत्त्व पटेल.

येथे हिशेब करून पाहावा. कॅमेऱ्याने घेतलेले एक छायाचित्र ४ मेगाबाईटचे, म्हणजे ३२ मेगाबिटचे आहे असे धरू. क्षीण जागी पाठविण्याचा वेग सेकंदास ०.१ मेगाबिट असेल, तर त्याला ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्या वेळात जोडणी एकदा तुटली तरी पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेच छायाचित्र ३०० किलोबाईटचे असेल, तर २४ सेकंदांत जाईल. म्हणून जेथे मुभा असेल तेथे कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये छायाचित्राचा आकार लहान ठेवावा.

क्षीण रेंजमध्ये फोन आपली सारी शक्ती लावून बोलू पाहतो. त्यामुळे बॅटरी लवकर उतरते आणि फोन तापतो. बॅटरी जुनी झाली असेल अशी समजूत होते, पण पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून जागेचा असतो.

पाटाच्या पाण्याचा न्याय

कित्येक गावांत आकडा चांगला असूनही रात्री आठ-नऊच्या सुमारास काम होत नाही. याचे कारण पाटाच्या पाण्यावरून समजेल. चारीला पाणी पूर्ण उंचीने वाहत असले, तरी वरच्या सर्वांनी एकाच वेळी दारे उघडली तर शेपटाकडच्या शेतास पाणी पोहोचत नाही. टॉवरची वहनशक्ती अशीच सर्वांत वाटली जाते. सायंकाळी घरोघरी चलच्चित्रे पाहिली जात असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास थोडी गती येते. रेंज म्हणजे पाण्याची उंची; गती म्हणजे आपल्या शेतात उतरलेले पाणी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पाठविण्याची कामे पहाटे किंवा सकाळी लवकर करावी. मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण त्या दिवशी टॉवरवर आणि अ‍ॅपवर दोहोंवरही गर्दी असते.

पाऊस व वीज

पाऊस आला की रेंज जाते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. मोबाईलच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा फारसा अडथळा होत नाही. परंतु काही टॉवर पुढच्या टॉवराशी तारेने नव्हे, तर सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडलेले असतात. त्या दुव्यांच्या लहरी फार उच्च पट्ट्यांतील असल्याने जोराच्या पावसात क्षीण होतात. दुसरे कारण विजेचे. गावाची वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर चालतो. ती संपली की तो बंद पडतो. अशा वेळी काड्या दिसत असूनही माहिती हलत नसेल, तर दोष पुढच्या दुव्यात असावा. काड्या मुळीच दिसत नसतील आणि सर्व गावाची तीच स्थिती असेल, तर टॉवर बंद असावा. दोन्ही प्रसंगी फोन दुरुस्तीस नेण्याचे कारण नाही.

हँडसेटची पारख

१) फोन घेताना तो आपल्या कंपनीच्या पट्ट्यांवर चालतो की नाही हे विचारून घ्यावे. परदेशातून आलेल्या जुन्या फोनांत येथील खालचे पट्टे कधीकधी नसतात. असा फोन शहरात नीट चालतो आणि शिवारात मुका होतो.

२) ४जीवर बोलण्याची सोय, जिला व्होल्टी म्हणतात, ती सेटिंग्जमध्ये सुरू असावी. ज्या कंपनीची २जी सेवा नाही, तिच्या सिमवर या सोयीवाचून नेहमीचा कॉल लागत नाही.

३) जेथे ५जी अधूनमधूनच मिळते, तेथे फोन ५जी व ४जी यांच्यामध्ये हेलकावे खातो. अशा जागी फोन ४जीवर ठेवल्यास जोडणी स्थिर राहते व बॅटरीही वाचते.

४) शेताची जागा दाखविणारी जीपीएस सोय उपग्रहांवर चालते, तिला टॉवर लागत नाही. रेंज नसताना जागा निश्चित होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. फोन उघड्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे स्थिर धरावा.

५) ज्या अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती फोनमध्येच साठवून मागाहून पाठविण्याची सोय असेल, तिचा उपयोग करावा. लॉग-इन वगैरे गावातच उरकून मग शेतात जावे, म्हणजे ओटीपीसाठी बांधावर तिष्ठत बसावे लागणार नाही. रेंजमध्ये परत आल्यावर माहिती खरोखर गेली असल्याची खूण पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

गावाचा रेंज-नकाशा

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस करण्याजोगे एक उपयुक्त काम येथे सुचविले आहे. गावात ज्या कंपन्यांची सिमे वापरात आहेत, त्या प्रत्येकीचा एक फोन घ्यावा. गावठाण, शाळा, दूध संकलन केंद्र, प्रमुख विहिरी, ओढ्याकाठची व डोंगरकडेची शिवारे अशा आठ-दहा जागा निवडाव्या. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी व रात्री तीन नोंदी कराव्या : डीबीएमचा आकडा, कॉल लागतो की नाही, आणि एक ठराविक छायाचित्र पाठविण्यास लागणारे सेकंद. जागा बदलली तरी छायाचित्र तेच ठेवावे, नाहीतर तुलना व्यर्थ होईल.

या नोंदी गावाच्या नकाशावर मांडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्या. कोणत्या शिवारात कोणते सिम चालते आणि कोणत्या विहिरीच्या कठड्यापाशी छायाचित्र जाते, हे सर्वांस कळेल. एका शेतकऱ्याच्या फोनमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमे असल्यास त्याला याचा विशेष फायदा होईल.

या नकाशाने तक्रारीसही बळ येते. ‘आमच्याकडे रेंज नाही’ या वाक्याऐवजी जागा, वेळ व आकडा सांगता येतो. तक्रार आपल्या कंपनीच्या १९८ या क्रमांकावर करावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तरीही सेवा सुधारली नाही, तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून उपलब्ध आहे. मात्र शेजारगावच्या अनुभवावर विसंबून कंपनी बदलू नये. आपल्या शिवाराचा नकाशा पाहून ठरवावे.

जेथे रेंज नाही तेथे

काही शिवारांत कोणतीच रेंज नसते. येथे केवळ कामाचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप सभोवारच्या सुमारे ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांबाबत सावध करते. परंतु ही सूचना रेंजवरच येते. मुकी जागा मुकीच राहते. तेथे फोन शांत आहे म्हणजे आकाश निर्धोक आहे, असा अर्थ कदापि करू नये. अशा शिवारात जाण्यापूर्वी हवामानाचा अंदाज घरीच पाहावा. कोठे जात आहोत व केव्हा परतणार हे घरच्यांस सांगावे. ढगांचा गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. रेंज-नकाशात अशा जागा ठळकपणे दाखवाव्या व त्यांच्या जवळची रेंज असलेली जागा बाणाने दर्शवावी.

संकटसमयी आणखी एक गोष्ट स्मरणात ठेवावी. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोनवर केवळ आणीबाणीचे कॉल करता येतील अशी सूचना दिसत असेल, तर ११२ हा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. घरातील वृद्ध व मुले यांस ही गोष्ट आवर्जून शिकवावी.

फोन हे शेतीच्या अवजारांसारखेच एक अवजार आहे. नांगराचा फाळ कोणत्या जमिनीत किती खोल जाईल हे ज्याला ठाऊक, त्याचे बैल दमत नाहीत. तद्वत आपल्या शिवाराची रेंज, टॉवरवरील गर्दीच्या वेळा आणि आपल्या फोनची ताकद ज्याने एकदा पारखून घेतली, त्याचे काम मुदतीत होते आणि त्याला अखेरच्या दिवशी बांधावर हात उंचावून फिरावे लागत नाही. येत्या हंगामाच्या नोंदी सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक गावाने आपला रेंज-नकाशा तयार करावा, हे इष्ट होय.