दोन ध्वजांखालीं खेळलेला खेळाडू

फुटबॉलच्या खेळांत गोल मोजणें सोपें असतें. खेळाडूचें आयुष्य जोखणें मात्र तितकें सोपें नाहीं. या भेदाचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनीं करावा, म्हणून पोलंडचा नामांकित आघाडीचा खेळाडू एर्नेस्ट विलिमोव्स्की याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

विलिमोव्स्कीचा जन्म २३ जून १९१६ रोजीं सायलीशिया प्रांतांतील कातोवित्से शहरीं झाला. कोळशाच्या खाणींच्या मुलखांतील हें शहर त्या वेळीं जर्मन साम्राज्यांत होतें. पहिल्या महायुद्धानंतर त्या प्रांताची वांटणी झाली आणि १९२२ सालीं कातोवित्से पोलंडकडे आलें. म्हणजे सहा वर्षांचा हा मुलगा आपलें गांव न सोडतां एका राष्ट्रांतून दुसऱ्या राष्ट्रांत गेला! त्या मुलखांत जर्मन व पोलिश या दोन्ही भाषा लोकांच्या नित्य कानीं पडत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील कथेचें मूळ तींतच आहे.

१९३४ सालीं तो जवळच्याच हायदुकी गांवच्या 'रूख' संघांत दाखल झाला. या संघानें १९३४, १९३५, १९३६ व १९३८ असें चार वेळां पोलंडचें अजिंक्यपद मिळविलें. २१ मे १९३९ रोजीं वूच शहराच्या एका संघाविरुद्ध विलिमोव्स्कीनें एकट्यानें दहा गोल केले.

त्याची कीर्ति परदेशीं पसरली ती ५ जून १९३८ रोजीं. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें विश्वचषकाच्या सामन्यांत पोलंडची गांठ ब्राझीलशीं पडली. मध्यंतरास ब्राझील ३–१ असा पुढें होता. परंतु विलिमोव्स्कीनें धीर सोडला नाहीं. अखेरच्या क्षणीं त्यानें बरोबरी साधून दिली व जादा वेळांतही गोल केला. पोलंडचा ६–५ असा पराभव झाला खरा. तथापि विश्वचषकाच्या एकाच सामन्यांत चार गोल करणारा पहिला खेळाडू हा मान या पराभूत वीरास मिळाला.

२७ ऑगस्ट १९३९ रोजीं वॉर्सा येथें पोलंडनें बलाढ्य हंगेरीस ४–२ असें हरविलें. त्यांतील तीन गोल त्याचे होते. पांचच दिवसांनीं, १ सप्टेंबरला, जर्मनीनें पोलंडवर आक्रमण केलें.

कातोवित्से पुन्हां जर्मन अमलाखालीं गेलें आणि विलिमोव्स्की जर्मनीकडून खेळूं लागला. १९४१ व १९४२ या दोन वर्षांत त्यानें त्या राष्ट्रासाठीं आठ सामन्यांत तेरा गोल केले. तत्पूर्वीं पोलंडसाठीं बावीस सामन्यांत एकवीस केले होते. १९४२ सालीं म्युनिकच्या संघास जर्मन चषक मिळाला, तेव्हां अंतिम सामन्यांतही त्याचा गोल होता.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्यें तो देशद्रोही ठरला. तो मायभूमीस परतला नाहीं. पश्चिम जर्मनींत निरनिराळ्या संघांतून खेळत राहिला आणि ३० ऑगस्ट १९९७ रोजीं कार्ल्सरूहे येथें वारला.

आतां न्याय कसा करावा? पोलंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला अंतोनी विको यास १९४१ सालीं ऑशविट्झच्या छळछावणींत गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. अशा हुतात्म्यांचें स्मरण ठेवणाऱ्या लोकांस विलिमोव्स्कीचा राग आला, यांत नवल नाहीं. परंतु याच युद्धांत विलिमोव्स्कीची आईही त्याच छावणींत बंदिवान होती, हेंही विसरतां येत नाहीं. त्यानें शस्त्र धरण्याऐवजीं चेंडू खेळला, म्हणून तो निर्दोष ठरतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यास आपला देश कधीं निवडावा लागला नाहीं, त्यानें चटकन् निकाल देऊं नये, एवढें मात्र आम्हांस वाटतें.

चौतीस गोलांचा हिशेब कागदावर स्पष्ट आहे. ते करणाऱ्याचा हिशेब मांडतांना मात्र दोन्ही बाजू पुऱ्या वाचून मगच लेखणी उचलावी.