शेतातल्या पार्टीला जाताय?

गहू-हरभरा घरात आला, रान मोकळं झालं, पोरं सुट्टीला गावी आली, की जालना जिल्ह्यात शेतातल्या पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. विहिरीजवळच्या आंब्याखाली तीन दगड मांडायचे, पऱ्हाट्या पेटवायच्या आणि गावरान कोंबडी शिजेपर्यंत गप्पा हाणायच्या. अलीकडे तरुण मंडळी जाळी आणि कोळसाही घेऊन येतात. मला स्वतःला चुलीवरचाच रस्सा आवडतो, पण जाळीवरच्या भाजलेल्या कांद्यालाही नाव ठेवणार नाही. वर्षभर फोनवरच भेटणारे मित्र संध्याकाळभर एका पंगतीला बसतात, हे मनाला कुठल्याही टॉनिकपेक्षा बरं.

मला हमखास विचारतात, "डॉक्टर, तेल-तिखट किती चालेल?" निरोगी माणसाने महिन्यातून एकदा तर्री ओरपली म्हणून आभाळ कोसळत नाही. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हात आखडता घ्यावा आणि पार्टी आहे म्हणून गोळी चुकवू नये. पण सलाइन लावायची वेळ येते ती बहुतेकदा तिखटामुळे नाही, तर मटण किती वेळ कुठे पडून होतं यामुळे.

जरा आठवून बघा. सकाळी घेतलेलं मटण काळ्या पिशवीत, पिशवी मोटारसायकलच्या हँडलला. मग कोणाची तरी वाट बघायची, सरपण गोळा करायचं, पत्त्यांचा डाव मांडायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. 5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि हवं तसं ऊबदार वातावरण मिळालं तर काही जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतात. दही-लिंबू लावून ठेवलं म्हणून ते मरत नाहीत. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मटण न्या आणि चूल पेटल्यावरच डबा उघडा. तो बर्फ सरबताच्या ग्लासात मात्र टाकू नका. कच्चं मटण कापलेल्या सुरीने कांदा-काकडी चिरू नका. ही चूक शहाणीसुरती माणसंही करतात.

जाळीवर कोंबडी बाहेरून काळी होते आणि हाडाजवळ गुलाबीच राहते. आतपर्यंत 74 अंशांची उष्णता पोचली तरच ती खाण्याजोगी. म्हणून तुकडे लहान करा आणि ज्वाळा बसून निखारे झाल्यावरच भाजायला घ्या. चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो त्यात आणि करपलेल्या भागात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं तयार होतात, तेव्हा काळा भाग काढून टाका.

आता उरलेलं पातेलं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मोठ्या पातेल्यातला रस्सा मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, जंतूंना याहून चांगली जागा नाही. "सकाळी उकळून घेऊ" हे माझ्या कानावर नेहमी पडतं. उकळल्याने जंतू मरतील, पण स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. हा जंतू बऱ्याचदा आचाऱ्याच्या पिकलेल्या बोटातून येतो. ज्याच्या हाताला जखम आहे त्याला सरपण आणायला पाठवा, भाकरी थापायला बसवू नका. उरलंच तर पसरट भांड्यात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज लांब असेल तर बेताचंच शिजवा.

पाणी घरून न्या. फवारणीचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. बिअर म्हणजे पाणी नव्हे, तिने लघवी वाढते आणि शरीर आणखी सुकतं. पोटात दारू असताना विहिरीत उडी मारू नका, आणि गाडी न प्यायलेल्याच्याच हाती द्या. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भर उन्हात कोणी बरळू लागला, अंग तापलं, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने तो हलवून बघा, विंचू तिथेच असतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या देहेडचे. तरीही आपल्याकडे दंश झाला की आधी मंत्र टाकणारा शोधतात. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर एक मिनिटही न घालवता रुग्णाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या.